मुंग्या लागलेला क्लच

आमच्या मामांसमोर कुणी चप्पल घालून गाडीचा क्लच दाबला, तर ते त्याला दंडाला धरून गाडीतून खाली ओढत. मामा म्हणजे माझे सासरे. घोडेगावात रस्त्याच्या कडेला, आमच्या घराला लागूनच त्यांचं गॅरेज होतं. ते स्वतः अनवाणी पायाने पेडल दाबायचे, डोळे मिटायचे आणि वैद्य नाडी बघतो तसे गप्प बसायचे. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. रेडिओ बंद. मी मिरची कुटत असले तर बत्ता वरच्या वर धरून उभी. एकदा त्याच वेळी शेजारची शेळी ओरडली, तर तिच्या मालकाला शिव्या बसल्या.

"कान फसतो, डोळा फसतो. तळपाय फसत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गिऱ्हाइकाला ते गाडीचं दुखणं विचारत नसत, त्याचंच विचारत. बाजाराच्या दिवशी बैल भरून आलेला एक टेम्पोवाला क्लच घसरतोय म्हणून आला. मामांनी पाय ठेवला, डोळे मिटले आणि विचारलं, बायको माहेरी गेलीय का? तो म्हणाला, व्हय. मामा म्हणाले, मग बरोबर, तुझं चित्त ठिकाणावर नाही, पाय क्लचवरून उठत नाही, प्लेट जाळून बसलास. खोललं तर खरंच प्लेट जळालेली. लोक हे सांगून सांगून हसत.

मला हसू यायचं नाही. माझं दूध तापवायचं पातेलं त्यांनी ऑइल काढायला नेलं होतं. पिठाची परात उचलून तिच्यात रॉकेल ओतलं आणि बेअरिंगं धुतली. मी डोक्यावरचा पदर सावरून दुसरी परात काढली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि "वाढलंय" याच्यापलीकडे मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. सगळा राग भाकरी थापताना काढायचे. म्हणून आमच्या घरची भाकरी फार पातळ व्हायची.

खंडेनवमीला सगळे गाडीच्या तोंडाला हळदकुंकू लावतात, हार घालतात. मामांची पूजा क्लचची. ब्रेक अडवतो, एक्सिलेटर पळवतो, जुळवून घेतो तो क्लच, म्हणून मान त्याचा, असं ते म्हणत. नारळ फोडून त्याचं पाणी क्लचच्या पेडलवर ओतायचे आणि वर गुळाचा खडा चोळायचे.

त्या वर्षी दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले आणि आमच्याच जीपचा क्लच चिकटायला लागला. दाबला की खालीच राहायचा. पायाची बोटं खाली घालून वर उचलावा लागायचा. आमचे हे त्याच जीपमधून नगरला भाड्याच्या सीटा नेत. त्यांनी तीन-चार दिवस तसंच रेटलं.

मग एका सकाळी शेजारच्या दुकानात माझ्या भावाचा फोन आला. आईला श्रीरामपूरला दवाखान्यात नेलं होतं. पोटाचं ऑपरेशन, दुपारी तीन वाजता. आई सारखी मंदाला बोलवा म्हणत होती.

मी पिशवी भरली. हे म्हणाले, एस्टीत बसवून देतो. मामा आडवे आले. दारात जीप असताना त्यांची सून एस्टीने जाणार नव्हती. आणि असल्या क्लचवर ते जीप हलू देणार नव्हते.

साडेदहाला त्यांनी पाय ठेवला आणि डोळे मिटले. मग केबल काढली. नवी घातली. पेडल खालीच. स्प्रिंग बदलली. पेडल खालीच. मग यांना शिव्या, की हा क्लचवर पाय ठेवून झोपतो. पुन्हा केबल सोडवली, गाडीखाली गेले, बाहेर आले, पुन्हा डोळे मिटले. साडेबारा वाजले. मी पिशवी हातात धरून दारात उभी.

"मामा, केबल सोडवली तरी पेडल खालीच ऱ्हातंय. मंग दुखनं केबलीत कसं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "बुडाला बघा, मुंग्या लागल्यात. रोज झाडताना दिसत्यात मला. तुमच्याच नारळाचं पानी आन गूळ मुरलाय तिथं. माझी आय तिकडं वाट बघतीय आन तुमी हिकडं नाडी धरून बसलाय."

यांच्या हातातला पाना खाली पडला. मामा माझ्याकडे न बघता वाकले. पेडल ज्या खिळीवर हलतं तिथे बोट फिरवलं आणि ते बोट चाटलं.

"ग्वाड हाय," म्हणाले.

गरम पाणी मागितलं. खीळ काढली, घासली, ग्रीस लावून बसवली. पेडल दाबून सोडलं तर टपकन वर आलं. सगळं मिळून पाऊण तास.

यांना गॅरेजवर ठेवून जीप मामांनी स्वतः चालवली. नेवासं आलं तरी मी मागे बसून धुमसत होते. दोन तास मामांनी घालवले म्हणून राग, आणि मुंग्या मी चार दिवस बघत होते तरी गप्प राहिले, याचा जास्त.

पोचलो तेव्हा आईला ट्रॉलीवर घेतलं होतं. मी धावत जाऊन हात धरला. ट्रॉलीचं एक चाक अडकत होतं. फरशीच्या प्रत्येक सांध्यावर हिसका बसायचा आणि आई डोळे घट्ट मिटायची.

"थांबवा," मागून मामा ओरडले. मला वाटलं, आता इथेही भांडणार. डोकंच फिरलं माझं. पण ते धोतर सावरून सरळ फरशीवर आडवे झाले आणि ट्रॉलीखाली गेले. वॉर्डबॉय ओरडत होता. त्यांनी चाकात गुंतलेले केस आणि दोरे नखांनी उपसून काढले, बोटांना राहिलेलं ग्रीस आसाला पुसलं, आणि उठून ट्रॉली वीतभर ढकलून बघितली.

"इहीनबाई, जावा आता. धक्का बसनार न्हाई."

आईला आत नेलं. दार लागलं. भाऊ औषधं आणायला गेला. मामा बाकावर भिंतीला टेकून बसले आणि हात पुसत राहिले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामांच्या तोंडून मी त्यांचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

"तुज्या सासूला आत नेली तवा बी असंच चाक खडखडत गेल्तं," ते दाराकडे बघत म्हणाले. "कन्हत हुती ती. मी शेजारनंच चाललो हुतो. मला चाकाकडं बगायचं सुचलं न्हाई."

सासऱ्यांसमोर मी कधी बसत नसे. त्या दिवशी बाकावर त्यांच्या शेजारी बसले.

पाच वाजून गेल्यावर ऑपरेशन नीट पार पडून आईला बाहेर आणलं. आम्ही दोघं खाली मान घालून बसलो होतो. चाकाचा आवाजच नव्हता; ट्रॉली अगदी गुडघ्याशी येईपर्यंत आम्हाला कळलंच नाही.