पाळणाघरातल्या खुर्चीचा प्रश्न

कामगार संघटना ही माणसाच्या प्रगतीसाठी अत्यावश्यक गोष्ट आहे. फक्त ती आपली असावी लागते. हे तत्त्व मला कॉलेजात अर्थशास्त्र शिकूनही कळलं नव्हतं. ते कळलं आमच्या विमा कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिथे कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर आहे.

आधी फायदे पाहू. आमच्या संघटनेने लढून आम्हाला गोल फिरणाऱ्या, पाठ टेकता येणाऱ्या खुर्च्या मिळवून दिल्या. चहाची सुट्टी मिळवून दिली. (चहा पूर्वीही मिळे, पण काम करता करता प्यावा लागे, त्यामुळे काम आणि चहा दोन्ही गार होत.) प्रत्येक टेबलावर पंखा आला. पंख्याने कागद उडू लागले, म्हणून कागदांवर ठेवायला वजनं आली. त्यासाठी वेगळा लढा द्यावा लागला. पाळणाघरही असंच मिळालं. त्या आंदोलनात मी मुलीला मांडीवर घेऊन फाटकाशी बसले होते. परिणामी तिच्या तोंडून निघालेलं पहिलं पूर्ण वाक्य 'मागण्या मान्य करा' हे आहे. अजूनही दूध हवं असलं की ती हेच म्हणते.

पाळणाघरात तीस मुलं आणि तीन मावश्या होत्या. म्हणजे दर मुलामागे एक दशांश मावशी. (एक दशांश मावशी म्हणजे साधारण कोपरापासून खालचा एक हात, असा माझा अंदाज आहे.) एवढ्यावर कुठल्याही आईचं समाधान व्हायला हवं, पण माझा स्वभाव पडला काळजीचा. पाळणाघराच्या दाराला एक गोल काच आहे. फायली आणायच्या निमित्ताने मी दिवसभरात जितक्या वेळा त्या काचेशी जाते, तितक्या फायली आमच्या खात्यात नाहीतच.

संघटनेचे तोटे एका दुपारी अचानक जिना चढून वर आले. चहाची सुट्टी होती. तिघींमधल्या मोठ्या मावशी संघटनेच्या खोलीत आल्या. त्यांच्या खांद्यावर माझी मुलगी त्यांचा कान धरून झोपली होती. ती तशीच झोपते. खाली ठेवली की उठते.

"साहेब, आम्ही तिघींनी संघटना काढली," मावशी आमच्या सेक्रेटरींना म्हणाल्या.

"तिघींची? अहो मावशी, तिघींत पत्त्यांचा डावसुद्धा रंगत नाही!"

"म्हणून तर चौथी बाई मागतोय. एकीच्या कडेवर पोर, दुसरी कुणाला तरी संडासात घेऊन गेलेली, बाकीची सगळी तिसरीच्या गळ्यात. आणि एक खुर्ची द्या. तिथे तीस खुर्च्या आहेत, पण सगळ्या वीतभर उंचीच्या. ही अशी खांद्यावर झोपली की आम्ही टेकायचं कुठे?"

"आणि नाही दिली तर?"

"तर परवा फाटकाशी बसू. तुम्ही बसला होतात ना, तिथेच. तिथे सावली बरी असते, हे तुमच्याकडूनच कळलं."

परिस्थितीचं गांभीर्य ओळखून तातडीची सभा भरली. सभासद तळमळीने बोलले. मुलं सांभाळणं ही नोकरी नसून माया आहे आणि मायेला खुर्ची लागत नाही, असा मुद्दा एका भगिनीने मांडला. (टाळ्या.) हिशेब खात्यातले काका म्हणाले, "आज खुर्ची मागतायत, उद्या पाठ टेकायला मागतील!" ज्यांच्या नावाने आम्ही गेल्याच महिन्यात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, ते प्रशासन अधिकारी खास निमंत्रणावरून हजर होते. आमची जागरूकता पाहून त्यांना भरून आलं. ते म्हणाले, संघटनेची हरकत नसेल तर सोमवारपासून या तिघींच्या जागी दुसऱ्या तिघी आणता येतील.

"पण माझी मुलगी मोठ्या मावशींशिवाय झोपत नाही हो," मी म्हणाले.

"ताई," सेक्रेटरी समजुतीने म्हणाले, "लढा म्हटला की त्याग आलाच."

ठराव एकमताने संमत झाला. (माझा हात जरा सावकाश वर गेला. सकाळी मुलीला उचलून आणल्याने खांदा दुखत होता.)

ठरल्या दिवशी मावश्या फाटकाशी बसल्या आणि आम्ही आयांनी पाळीपाळीने पाळणाघर सांभाळायचं ठरवलं. पहिल्या पाळीला मी आणि आणखी दोघी होतो. थोड्याच वेळात माझ्या कडेवर एक रडका आला, दुसरी आई कुणाला तरी संडासात घेऊन गेली आणि तिसरी, आपण या कामासाठी एम.कॉम. झालो नाही, हे भिंतीला सांगू लागली. तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. दार सताड उघडं होतं. मुलगी कुठेच नव्हती.

मी जिन्याखाली पाहिलं. पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. कडेवरचा रडका तसाच घेऊन फाटकाकडे धावले. तिथे मोठ्या मावशींच्या मांडीवर बसून माझी मुलगी मूठ आवळून ओरडत होती, "मागण्या मान्य करा!"

"हिला आम्ही नाही शिकवलं हो, ताई," मावशी घाईघाईने म्हणाल्या. "रस्त्याकडे निघाली होती. उचलली नसती तर..."

मी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पाळीवर परत गेले.

या गंभीर प्रकाराची आमच्या संघटनेने तत्काळ दखल घेतली. तीन आयांवर तीस मुलं टाकणं हा सरळसरळ अन्याय असल्याचं पत्रक निघालं. चहाच्या सुट्टीच्या आत चौथी आई मंजूर झाली. आमच्यासाठी वरून खुर्च्या आल्या, गोल फिरणाऱ्या. प्रशासन अधिकाऱ्यांनी त्या स्वतः ढकलत आणल्या. मावश्या फाटकातून बघत होत्या. त्यांना आनंद झाला असावा. मागण्या त्यांच्याच होत्या.

सोमवारी नव्या तिघी आल्या. आयांची पाळी संपली. एक खुर्ची मात्र पाहणीला येणाऱ्या सभासदांसाठी पाळणाघरात ठेवली आहे. तिच्या पाठीवर 'संघटनेच्या लढ्याचं यश. फक्त सभासदांसाठी' अशी पाटी लावली आहे. नव्या बायका तिच्यावर बसत नाहीत. त्यांना वाचता येतं.

माझी मुलगी आता दुपारी चटईवर स्वतःचाच कान धरून पडून असते. झोपत नाही. मी गोल काचेतून बघते आणि वर येते. सध्या चहाची सुट्टी कमी करण्याचा घाट घातला जातोय आणि आम्हाला एकजुटीने उभं राहायचं आहे.

तेव्हा संघटनेचे फायदे जास्त की तोटे, हे वाचकांनीच ठरवावं. आपण हे बसून वाचत असाल, असं मी धरून चालते. आतून कामाच्या मावशींचा भांडी घासल्याचा आवाज येऊन वाचनात व्यत्यय येत असेल, तर दार तेवढं लोटून घ्या.