‘तळपती नखं’, भाग दुसरा

एका जंगलात, बाळांनो, पूर्वी फक्त शिकार व्हायची. मग सिनेमा आला, आणि जनावरांना संध्याकाळी नाकं मुरडायला एक जागा मिळाली. मांडी घालून बसा आणि मधे बोलू नका. मला आधीच खोकला झालाय.

या जंगलात भिकोबा मुंगूस सिनेमे काढायचा. त्याचा ‘तळपती नखं’ फार नावाजलेला. त्यात बिजलीराव नावाचा जुन्या काळचा शूर रानबोका वेलींना लोंबकळत मगरींच्या किल्ल्यात शिरतो, वीस मगरींना एकटा लोळवतो आणि शेवटी धबधब्यावरून उडी मारून निसटतो. खरं सांगू? तो पहिल्यांदा लागला तेव्हा निम्मं जंगल घोरत होतं आणि उरलेलं ‘केवढा हा आरडाओरडा’ म्हणून कुरकुरत होतं. कसाबसा तरला. पण त्याला सात वर्षं झाली. आता अस्वलाला विचारा, सशाला विचारा, जो तो ऊर भरून सांगायचा, "तसा सिनेमा पुन्हा होणे नाही."

म्हणून भिकोबानं दुसरा भाग काढला. चार वर्षं राबला बिचारा. यातही शेवटी उडी होती, पण ही उंच कड्यावरून, आणि अगदी खरीखुरी. बिजलीरावाचं काम करणारा बोका स्वतः उडाला आणि तीन महिने लंगडला. ती उडी एकदा जंगलानं बघावी, एवढीच भिकोबाची इच्छा होती. दुसरं काही नको होतं त्याला.

आता तिथली रीत ऐका. सिनेमा संपला की प्रत्येकानं मोहाच्या झाडाखाली एक पान टाकायचं. आवडला तर हिरवं, नाही आवडला तर वाळकं. वाळकी जास्त झाली की सिनेमा त्याच दिवशी बंद, आणि पडदाही काढून घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा. एकदा पडलेलं पान कुणी उचलायचं नाही.

खेळाच्या दिवशी मतं सकाळपासूनच तयार होती. पोपटशास्त्री फांदीवरून ओरडत होते, "पहिल्याची सर नाही!"

"पाहिलात का तुम्ही?" भिकोबानं विचारलं.

"पाहायला कशाला पाहिजे? दुसरा आहे ना!"

तेवढ्यात साळिंदर गुरुजी निषेधाचं पत्रक घेऊन आले. ते जंगलाचे इतिहासतज्ज्ञ.

"तुमचा बोका उजव्या पंजानं लढतो म्हणे. बिजलीराव डावखुरे होते. माझ्याकडे पुरावा आहे."

"कुठला हो गुरुजी?"

"तुमचाच पहिला भाग!"

संध्याकाळ झाली. सगळे घरून जेवून, भावना दुखावून घेण्याच्या तयारीनं आले. काजव्यांचा दिवा लागला. सिनेमाचं यंत्र ठकूआक्का कासवीण चालवायची, रिळांच्या पेट्याही तीच पाठीवरून आणायची. तिनं पेटी उघडली, रीळ लावलं. पहिलंच दृश्य आलं आणि भिकोबाच्या तोंडचं पाणी पळालं. हा तर पहिलाच भाग!

"आक्का! पेटी चुकली!"

"अगंबाई! दुसरी नदीपलीकडेच राहिली की. आता आणायला गेले तर सोमवारी उगवेन मी."

"मग थांबव. मी सांगतो सगळ्यांना."

"जरा दम धरा मालक. ते काय बोलतात ते तर ऐका."

भिकोबानं कान दिला.

अस्वल म्हणत होतं, "हा कसला किल्ला? पहिल्यात किल्ला किल्ल्यासारखा होता."

"आणि मगरी बघा, किती मरतुकड्या," हरिणी म्हणाली. "पहिल्यात काय दांडग्या होत्या बाई!"

"उजवा पंजा! बघा, उजवा पंजा!" साळिंदर गुरुजी किंचाळले. "इतिहासाची विटंबना!"

धबधब्यावरची उडी आली तेव्हा ससा जांभई देत होता. "पहिल्यातली उडी आठवते? माझे कान ताठ झाले होते."

भिकोबाला हसावं की रडावं कळेना. तो तसाच बघत राहिला आणि सिनेमा संपलासुद्धा. भराभरा पानं पडायला लागली. वाळकी, वाळकी आणि वाळकी. एका रानडुकरानं हिरवं टाकलं, पण त्याला अंधारात वाळकं सापडलं नव्हतं.

भिकोबा धावत ढिगावर चढला. "बाबांनो, हा पहिलाच भाग होता! तुम्ही डोक्यावर घेतलेला!"

अस्वल आपल्या पंजांकडे बघू लागलं. शेवटी पोपटशास्त्री खाकरले.

"मी तेच म्हणतोय. पहिल्यालाही पहिल्याची सर नाही."

"बरोबर! अगदी बरोबर!" जंगलाचा जीव भांड्यात पडला.

"अहो, मग दुसरा तरी बघा!" भिकोबाचा आवाज फाटला. "सोमवारी दाखवतो!"

"पान पडलं ते पडलं," गुरुजी म्हणाले. "रीत म्हणजे रीत."

आणि पडदा कोल्ह्याकडे गेला.

वर्षभरानं कोल्ह्यानंही एक ऐतिहासिक सिनेमा काढला, ‘झुंजार शेपूट’. तो बघता बघता अस्वलानं सुस्कारा सोडला. "भिकोबाच्या दुसऱ्या भागाची सर नाही."

"त्यात कड्यावरून उडी होती म्हणे," हरिणी म्हणाली.

झालं! आठवड्याभरात कडा ढगांत गेला. पहिल्यातल्या वीस मगरींच्या दुसऱ्यात दोनशे झाल्या. सशानं तर तो सिनेमा दोनदा पाहिल्याची शपथ घेतली. शेवटी सगळं जंगल भिकोबाच्या बिळापाशी जमलं.

"दाखव रे बाबा. एकदाच दाखव. आमचं चुकलं."

ठकूआक्का आतून दुसऱ्या भागाची पेटी घेऊन निघालीच होती. भिकोबा बिळाच्या तोंडाशी उभा राहिला. त्यानं एकेकाचं तोंड पाहिलं. पोपटशास्त्र्यांनी चोच आधीच उघडून ठेवली होती.

"काय सांगू मंडळी," भिकोबा म्हणाला. "वाळवी लागली. सगळी रिळं खाल्ली हो तिनं."

एकच हंबरडा फुटला. पोपटशास्त्री म्हणाले, "जंगलातली सर्वोत्तम कलाकृती गेली!" गुरुजींनी दुखवट्याचा ठराव मांडला. मग सगळे मोहाखाली गेले आणि पानं टाकली. एकूण एक हिरवी. भिकोबाला त्याचा पडदा परत मिळाला.

सगळे गेल्यावर आक्का बाहेर आली.

"मालक, पडदा मिळाला, चांगलं झालं. पण ती उडी? आता कुणी बघायचीच नाही का?"

भिकोबा पडद्याची घडी घालत बसला. फार वाईट वाटत होतं त्याला.

"तो बोका रोज विचारतो हो मला," आक्का म्हणाली. "लोकांना उडी आवडली का म्हणून. काय सांगू त्याला?"

"सांग, फार आवडली."

तात्पर्य: कष्टानं उत्तम वस्तू घडवावी आणि ती कुणालाही दाखवू नये. दाखवणं अगदीच गळ्यात पडलं, तर आपल्या घरात वाळवी आहे हे चारचौघांत आधीच बोलून ठेवावं.