मांडीचा माल

नांदगाव खंडेश्वरहून सकाळी अमरावतीला जाणाऱ्या आमच्या एसटीत तिकिटासोबत मांडीवर झेंडूचं गाठोडं मिळतं. पाहिजे की नको, असं कोणी विचारत नाही. गावाबाहेरच्या फाट्यावर गोकुळाकाकू चढल्या की पाच मिनिटांत दहा-बारा मांड्या भरतात. ओलं फडकं मांडीवर टेकून तुम्ही दचकलात, की वरून आवाज येतो, "धरा जी, रडत नाई ते."

मी अमरावतीच्या एका कॉलेजात कारकून आहे. रोज अपडाउन करतो. पहिल्या दिवशी माझ्या अंगात नवीकोरी पांढरी पँट होती. गाठोडं जवळ येताना दिसलं तसं मी स्पष्ट सांगितलं, की बाई, हे काही आपल्याला जमणार नाही. काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, मांडीकडे पाहिलं. "रिकामीच तं हाये," म्हणाल्या आणि गाठोडं ठेवून पुढच्या सीटकडे गेल्या. पँटवर पिवळा डाग पडला तो पडलाच. बायकोने घरातले सगळे साबण लावून पाहिले. तेव्हापासून मी गडद रंगाच्याच पँटी शिवून घेतो.

काकूंचं फाट्याजवळ दीड-दोन एकराचं वावर आहे, त्यात झेंडू आणि थोडी शेवंती. जुन्या लुगड्याचे तुकडे भिजवून त्यात त्या फुलं बांधतात. खाली ठेवली तर लोकांचे पाय लागतात, वर रॅकवर टाकली तर एकावर एक दबून काळी पडतात. माणसाची मांडी मऊ असते आणि खड्डा आला की आपोआप सांभाळून घेते, हा काकूंचा शोध. त्यातही त्यांचे कायदे आहेत. डुलक्या घेणाऱ्याला गाठोडं नाही, तो फुलांवरच झोपतो. मोबाइलवाल्याने आधी मोबाइल खिशात टाकायचा. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याला तर त्या फुलांच्या वाऱ्यालाही उभं करत नाहीत. सगळ्या वाटेने काकू या सीटपासून त्या सीटपर्यंत फिरत असतात आणि कोणाचा हात सुटला की तो उचलून पुन्हा गाठोड्यावर ठेवतात.

एकदा कुठल्या तरी खात्याचे साहेब गाडीत होते. हे लगेज आहे, डिक्कीत टाका, असं म्हणाले. काकू म्हणाल्या की हे पाहुणे आहेत, बाजार आला की उतरतात. बडनेरा येईपर्यंत ते साहेब दोन्ही हातांनी गाठोडं धरून बसले होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. बडनेऱ्याचा पूल लागला की काकू ओरडतात, "सावध बसा, बाजार आला!" आणि अख्खी गाडी सावरून बसते. बाजारात जायचं एकट्या काकूंना असतं, पण सावध आम्ही सगळे होतो.

अमरावतीच्या फूलबाजारात काकूंच्या फुलांना 'मांडीचा माल' म्हणतात. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू करायच्या आधी दलाल प्रत्येक गाठोडं सोडतो आणि हे कोणाच्या मांडीवरचं, असं विचारतो. काकू बिनचूक सांगतात, हे मास्तरीणबाईच्या, हे तिवश्याच्या पाहुण्याच्या. त्या दिवशी माझं गाठोडं उघडून दलाल म्हणाला, "या सायबाची मांडी चांगली हाये." माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या साहेबाने माझ्याबद्दल असा शब्द काढलेला नाही. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर तिने तोंडाला पदर लावला. हसू दे. मला अभिमान वाटला तो वाटलाच.

मागच्या वर्षी काकूंच्या मुलाने, गजाननने, टेम्पो घेतला. फुलं क्रेटात भरून सरळ बाजारात जाऊ लागली, आणि काकू गाडीत यायच्या बंद झाल्या. आठ दिवस आमच्या मांड्या रिकाम्या. खरं सांगतो, करमेना. मास्तरीणबाई आपली पर्सच दोन्ही हातांनी धरून बसायच्या. ड्रायव्हर सवयीने फाट्यावर गाडी हळू करायचा, आणि तिथे कोणीच नसायचं.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी मात्र काकू फाट्यावर उभ्या होत्या. पायाशी दहा गाठोडी, मागे भरलेला टेम्पो, आणि गजानन तणतणत आमच्या गाडीच्या दारात आलेला.

"तुमीच समजवा इले," तो म्हणाला. "गुडघ्यात पाणी झालं. डॉक्टरनं उभं राहाले मना केलं, अन हे अमरावतीपर्यंत उभ्यानं जाते."

उभ्याने कशाला, गाडीत जागा असते की, असं मी म्हणालो.

"असते नं. पण बसली तं फुलं कोन पाहीन म्हन्ते. जागा दिसली का तिथं दुसरी मांडी बसवते."

सहा वर्षं मी त्या बाईची फुलं मांडीवर घेऊन आरामात जात होतो. सहा वर्षांत ती एकदाही बसलेली नाही, हे मला दिसलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

गजाननने टेम्पोचं दार उघडून गादीची सीट दाखवली. काकूंनी तिकडे पाहिलं नाही.

"तुह्या टेम्पोत काय करू?" त्या हळूच म्हणाल्या. "तू समोर पाह्यतं, फुलं मांगं क्रेटात. घरी बोलाले कोनी नाई, वावरात कोनी नाई. अन इथं पुरी गाडी माहे फुलं मांडीवर घेते."

गजाननने मान खाली घातली. मी खिडकीजवळची माझी जागा सोडून उठलो आणि त्याला म्हणालो, तू जा, माय बसून येईल, जबाबदारी माझी. बाकीच्यांनी गाठोडी आत घेतली आणि न सांगता वाटून टाकली. काकूंना हाताला धरून बसवलं. पण त्यांना हात कुठे ठेवावेत तेच समजेना. आधी समोरच्या दांड्यावर ठेवले, मग पदरात घेतले.

मी एक गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"धरा काकू, रडत नाई ते."

काकूंनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. बडनेऱ्यापर्यंत पदर तेवढा दोनदा डोळ्यांकडे गेला. पूल आला तेव्हा "सावध बसा, बाजार आला!" असं ड्रायव्हरच ओरडला.

ऑफिसला उशीर होणार होता, होऊ दिला. आम्ही तिघं-चौघं गाठोडी घेऊन त्यांच्यासोबत बाजारात गेलो. दलाल एकेक गाठोडं सोडून विचारत होता, काकू सांगत होत्या. शेवटचं गाठोडं सोडलं आणि तो थांबला. आत्ताच झाडावरून तोडल्यासारखी फुलं होती, एक पाकळी दबलेली नाही.

"हे कोनाच्या मांडीवरचं?" त्याने विचारलं.

काकूंनी आजूबाजूला आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि मान ताठ केली.

"माह्या," त्या म्हणाल्या.