लिफ्टमधले आबा

आमच्या सोसायटीच्या लिफ्टनं बागूलकाका कधीच जात नाहीत. लिफ्टनं आबा जातात आणि काका जिना चढतात.

आबा म्हणजे काकांचा डबल बास. दिसायला व्हायोलिनसारखाच, पण माणसापेक्षा उंच; तो उभा धरून वाजवायचा. काळ्या खोळीत घालून लिफ्टमध्ये ठेवला की शेजारी दुसरं कोणी मावत नाही. काका खालून बटण दाबतात आणि आबांच्या आधी चौथ्या मजल्यावर पोचायला धावत सुटतात. तिसऱ्या मजल्यावरच्या दामलेकाकूंनी मधेच लिफ्ट थांबवली, की आत रेनकोट घातलेला धिप्पाड गृहस्थ पाहून त्या किंचाळतात. दर वेळी किंचाळतात.

काका मूळचे सटाण्याचे, रंगात आले की अहिराणीत शिरतात. उमेदीची वर्षं मुंबईत सिनेमाच्या गाण्यांमागे आबांना वाजवण्यात घालवली आणि म्हातारपणी नाशिकला आले. त्यांच्याबरोबर मिसळ खायला जाणं ही शिक्षा आहे. हॉटेलात जुनं गाणं लागलं, की तर्रीत बुडवलेला पाव हवेतच थांबतो. "गप! थांबा... हं! हे ढुम्म. हा मी शे! ऐकू आलं?"

कोणालाच काही ऐकू आलेलं नसतं. आपण "वा वा" म्हणायचं आणि शर्टावरची तर्री पुसायची. पण खोटी वाहवा काकांना बरोबर कळते, आणि ते उरलेली मिसळ मुकाट्यानं संपवतात.

मी तळमजल्यावर बालवाडी चालवते. एक दिवस काका दारात. "ताई, मोठी माणसं तोंडदेखलं बोलतात. पोरं खोटं नाही बोलत. त्यांना आबा ऐकवू द्या. एकानं जरी मनापासून 'ऐकू आलं' म्हटलं ना, मी भरून पावलो."

बाकीची वाद्यं त्यांनी चित्रांत आणली होती. "हे व्हायोलिन. घरातलं शेंडेफळ, किरकिर करतं आणि तरी सगळे लाड करतात. ही व्हायोला, मधली मुलगी, हिला कोणी विचारत नाही. ही चेलोआत्या, सणाला येते आणि रडते. हा ट्रम्पेट, वरातीतला मामा. आणि हाऊ आबा शे! कोपऱ्यात बसून नुसतं 'हं' म्हणतात, पण त्यांच्या 'हं'शिवाय घरात चहासुद्धा होत नाही."

मग त्यांनी डोळे मिटून सगळ्यांत जाड तारेवरून गज ओढला.

"ऐकू आलं?"

"आबा पादले!" ओवी ओरडली आणि अख्खा वर्ग जमिनीवर लोळला.

"पादले नाही, बोलले!" काका कळवळून म्हणाले. "कानानं नाही, पोटानं ऐकायचं. या, आबांना पोट लावा." पण एवढ्या थोराड आबांजवळ जायची कोणाची छाती होईना. काका तरी रोज येत राहिले. रोज आबा पादत राहिले.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी काकांनी कोट घातला, आबांना खडूनं पांढरी मिशी काढली. त्यांनी गज उचलला आणि नेमका शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ढोलपथकाचा सराव सुरू झाला. नाशिकचा ढोल तो! खुर्च्यासुद्धा थरथरू लागल्या. मी धावत जाऊन हात जोडले, तर पथकातली पोरं म्हणाली, "मॅडम, मिरवणूक जवळ आली, आता कसं थांबणार?" परत येऊन बघते तर काका ओठ घट्ट मिटून वाजवतायत आणि आवाज शून्य. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात ओवी उठली. तुरूतुरू चालत आबांच्या मागे गेली आणि त्यांच्या पाठीला पोट लावून उभी राहिली. तिचे डोळे मोठे झाले.

"माझ्या पोटात आबा बोलले!" ती ढोलाच्या वर आवाज काढून किंचाळली. "ऐकू आलं! ऐकू आलं!"

मग सगळा वर्गच आबांना चिकटला. काकांना गज हलवायला जागा उरली नाही, तरी ते वाजवत होते. त्यांच्या नाकावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर लिफ्टपाशी मी आबांची पाठ पाहिली. एका जागचं पॉलिश पार उडालेलं होतं.

"आमच्या मंडळींची जागा," काका म्हणाले. "तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. रोज संध्याकाळी इथं गाल टेकून उभी राहायची. बोटानं दाखवायची, आता हे वाजव, आता ते. माझं वाजवणं ऐकलं ते तिनं एकटीनं. ती गेल्यापासून इथं कोणी टेकलंच नाही, ताई."

त्या जागेवर आता चिवड्याचे, लाडवाचे चिकट पंजे उमटले होते. मी ओला फडका पुढे केला.

"राहू द्या," काका म्हणाले. त्यांनी आबांना खोळ घातली नाही, तसंच लिफ्टमध्ये उभं केलं, बटण दाबलं आणि जिन्याकडे धावले.

तिसऱ्या मजल्यावरून दामलेकाकूंची किंकाळी आली. मिशीमुळे असावी.