शून्य धुराची फियाट

सातपाटीच्या दामू तांडेलाने सेकंडहँड फियाट घेतली तेव्हा साऱ्या बंदरावर पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवसापासून गाडीने साऱ्या बंदरावर धूर वाटला. एवढ्याने दामूचं काही बिघडलं नसतं. पण लेकीचा, हंसाचा, साखरपुडा तोंडावर आलेला आणि हा गृहस्थ गावभर सांगून बसलेला, "दातिवऱ्याच्या पावन्यांना मी माज्या गाडीतून आननार." त्यातच धुराच्या दाखल्याचा नवा कायदा आला. दाखला नसला की नाक्यावर हवालदार गाडी अडवी. बोईसरच्या पंपावरच्या मशीनने फियाटला दोनदा नापास केलं होतं.

होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा दादू मिस्त्री तीन दिवस बॉनेटमध्ये डोकं घालून होता. त्याने कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले आणि शेवटी इंजिनाला कान लावून निदान केलं, "आजार पोटात हाय. पन सकालपरत सुधरंल."

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी चालू झाली आणि मागे धुराचा पत्ता नाही. दामूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "दादू, तुजा हात सोन्याचा हाय." दादूला स्वतःलाच नवल वाटलं होतं, पण चालून आलेलं श्रेय परत पाठवण्याइतका तो वेडा नव्हता.

दाखल्यासाठी दामू दादूला घेऊन बोईसरला निघाला. साडी घ्यायची म्हणून दामूची बायको जमना मागच्या सीटवर बसली. वाटेत ती पदर नाकाला लावून म्हणाली, "अवो, काय तरी जललंय."

"बोयसर आलं. कारखान्यांचा वास हाय तो," दामू म्हणाला. त्या रस्त्यावर याच्यापुढे कोण काय बोलणार?

पंपावरच्या नरहरीने मशीनची नळी सायलेन्सरमध्ये घातली. काटा शून्यावर. त्याने मशीनला दोन चापट्या मारल्या, स्वतःची स्कूटर तपासली. काटा पळाला. पुन्हा फियाट लावली, पुन्हा शून्य.

"काका, अशी गाडी मुंबईतपण नसेल," तो म्हणाला आणि चहाच्या टपरीवरची माणसं धावली. एका रिक्षावाल्याने दादूचा पत्ता मागितला. "सातपाटीत कुनालाबी विचारा," दादू छाती काढून सांगू लागला. दामूला तर आपली गाडी पेपरात छापून आल्याचं दिसायला लागलं. नरहरीने दाखला लिहिला आणि शिक्का उचलला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. जमना उतरली ती काळं नाक आणि लाल डोळे घेऊन. "तुमचं झालं असंल तर मला पानी द्या," ती म्हणाली.

नरहरीने वाकून गाडीखाली पाहिलं. धूर तिथे कोंडला होता. दादूने सायलेन्सरमध्ये सळई घालून नारळाच्या सोडणाचा आणि जुन्या जाळ्याचा भलामोठा बोळा ओढून काढला.

"हा कोनी घातला?"

"मी," जमना म्हणाली. "होडी उभी असली का नल्यात बोला घालतोच की आमी, खारं पानी जाऊ नये म्हनून. काल गाडी रातभर बंदरावर उभी व्हती."

खाऱ्या हवेने सायलेन्सर मधेच सडला होता. मागची वाट बंद झाल्यावर धुराने तिथून, थेट मागच्या सीटखालून, वाट काढली होती. बोळा निघाला आणि काटा पार टोकाला जाऊन बसला. नरहरीने दाखला फाडला. दामूला त्या घटकेला खरोखर रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती साधून त्याने होडी दातिवऱ्याला नेली. वाटभर होडीचं इंजिन फियाटच्या चौपट धूर सोडत होतं, पण समुद्रात मशीन घेऊन कोण उभं राहतंय? धक्क्यालगतच्या रस्त्यावर व्याही जानू नवं धोतर नेसून गाडीची वाट पाहत उभे होते. दामूची मान वर होईना.

"व्याही, माफी करा. गाडीनं दगा दिला. होडी आनलीय."

जानूंनी वळून बायकोकडे पाहिलं. ती माउली कुणी हात द्यायच्या आत होडीत चढून बसलीसुद्धा.

"बरं केलंत," जानू हळूच म्हणाले. "आमच्या हिला गाडी लागते. भीतीनं दोन दिस जेवली नाय ती. तुमची गाडी दिसली असती तर साखरपुडा पुडं ढकला म्हनून सांगनार व्हतो."