तात्याबांच्या गळ्यातली गिटार

"यंदाच्या सप्ताहात कीर्तनाला गिटार वाजणार, आणि ती मी वाजवणार!"

कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या अमृतने जेवता जेवता ही घोषणा केली, आणि त्याच्या बायकोची, रेश्माची, चपाती तव्यावरच करपली.

"आवं, सप्ताह माज्या माहेरचा. बंदोबस्त माज्या बाबांचा. आन् बाबा गिटारीला काय म्हंत्यात, ठावं हाय न्हवं?"

ठावं होतं तर! रेश्माचे वडील तात्याबा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. मेढ्याच्या वरच्या अंगाला गाव. भाताची खाचरं, दोन म्हशी आणि आवाज असा, की म्हशीसुद्धा सावधान उभ्या राहून धार देत. लग्नात जावयाची गिटार बघून ते भर पंगतीत म्हणाले होते, "हे रिकामटेकड्यांचं हत्यार!" तेव्हापासून अमृतची देवाकडे एकच मागणी. सासऱ्याने आपलं वाजवणं एकदा ऐकावं आणि "वा, जावईबापू!" म्हणावं. बस्स, पुढे मोक्ष नाही मिळाला तरी चालेल!

त्याने सरळ हरिबा बुवांना फोन लावला. सप्ताहातलं कीर्तन बुवांचंच होतं. बुवा म्हणजे लोण्याचा माणूस.

"वाजवा की! अभंगाला कुटल्याबी तारंचं वावडं नसतंय. फकस्त वाद्य बारकं आना. टाळकरी खांद्याला खांदा लावून उभं ऱ्हात्यात. गेल्या साली एकानं लांबडी बासरी आनली, दोघांच्या टोप्या उडाल्या!"

झालं! अमृतची घरची गिटार होती पाळण्याएवढी. तेव्हा प्रवासाला बारकी गिटार घ्यायला नवराबायको सांगलीतल्या दुकानात गेले.

आता लोक गिटार कानाने निवडतात. अमृतने मोटरसायकलने निवडली! गिटार गळ्यात, मागे रेश्मा, आणि दुकानाभोवती फेरी. पहिली गिटार प्रत्येक गतिरोधकाला रेश्माच्या बरगडीत घुसली. दुसरी छान बसली, पण आवाज असा, की रेश्माने डास समजून टाळी मारली. तिसरीच्या वेळी अमृत रंगात येऊन पार चौकापर्यंत गेला, आणि माल पळवला म्हणून दुकानदार चपला हातात घेऊन मागे धावला!

"घेतोय हो, घेतोय!" अमृत ओरडला. "पण वाजते कशी?"

"सायेब, सरावाला मुंगी, कार्यक्रमाला हत्ती!" दुकानदार धापा टाकत म्हणाला. "नुसती वाजवा, शेजारच्या खोलीत ऐकू जानार न्हाई. वायर लावून स्पीकरला जोडा, शेजारचं गाव उठंल!"

अंग कढईएवढं, वर लांब दांडा. अमृत खूश. दोन पंचमाच्या आणि बाकीच्या षड्जाच्या अशा तारा त्याने अभंगासाठी लावून ठेवल्या. कुणीही अंगठा फिरवावा, सूर भरलाच पाहिजे! कीर्तनाच्या दिवशी दुपारी गडी थेट देवळासमोरच्या मांडवात हजर. गिटार मुद्दाम गळ्यातच ठेवलेली. लोकांनी बघायला नको?

आता वीणेचा पहारा ज्यांनी पाहिला नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. सप्ताह सुरू झाला, की देवापुढे कुणीतरी वीणा गळ्यात घालून उभा राहतो. रात्रंदिवस. माणसं बदलतात, पण वीणा काही खाली टेकत नाही. आणि पहारा बदलताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. मोठा लहानाच्या, पाटील गड्याच्या! माउली, हे बघताना माझ्या तर डोळ्यांत पाणी येतं. फक्त एकच पथ्य. दोघांनी एकदम वाकायचं नाही!

पहाऱ्यावर होते म्हातारे नाथाजी. दुपारची पेंग आलेली, बदली माणसाचा पत्ता नाही. अमृत त्यांच्या वीणेला नमस्कार करायला वाकला. नाथाजींनी अर्धवट डोळे उघडले. समोर गळ्यात तारांचं वाद्य अडकवलेला माणूस! आला एकदाचा वीणेकरी, असं समजून तेही भक्तिभावाने वाकले.

ठाक्!

गिटारीचा दांडा वीणेच्या भोपळ्यात! भोपळ्याची दोन शकलं झाली आणि तारा शेवयांसारख्या लोंबायला लागल्या.

"पहारा मोडला!" नाथाजींनी हंबरडा फोडला. आचारी झारे घेऊन धावले, बायका तांदूळ निवडायचं टाकून धावल्या, आणि या सगळ्यांना बाजूला सारत तात्याबा आले. अमृतला वाटलं, "वा, जावईबापू" राहिलं बाजूला, आता मांडवाबाहेर हाकलणार!

तात्याबांनी भोपळा बघितला. मग गिटार बघितली.

"ह्येला तारा हायेत?"

"हायेत, मामा."

"गळ्यात अडकती?"

"अडकली हाय की."

"मग हीच वीणा! पहारा चालू! जावई, सावधान!"

अमृत सावधान झाला. कुणीतरी गिटारीला बुक्का लावला, कुणी हार घातला. त्याला वाटलं, बरं झालं, चटकन दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालू आणि कीर्तनाला परत घेऊ. पण गावात अशी वीणा कुणी पाहिली होती? रांगच लागली! हलकी हाय, मानंला रग लागत न्हाई, आन् कसाबी अंगठा मारा, गोडच वाजती! ज्यांनी जन्मात पहारा केला नव्हता, तेही अंघोळ करून आले. संध्याकाळपर्यंत गिटार निम्मं गाव फिरली, आणि कीर्तनाच्या तोंडावर नेमकी गेली तात्याबांच्या गळ्यात.

हरिबा बुवा आपली स्वतःची वीणा घेऊन उभे राहिले. मागे टाळकऱ्यांची ओळ, ओळीच्या मधोमध तात्याबा. छाती पुढे, नजर समोर, डोक्याला भगवा फेटा, आणि गिटार बंदुकीसारखी उभी धरलेली.

"मामा," अमृत हळूच म्हणाला, "आता मला द्या की. माजं वाजवायचं ठरलंय."

"ड्यूटीवरचा जवान हत्यार देतो व्हय रं?" तात्याबा ओठ न हलवता म्हणाले.

"दोन अभंगांपुरती!"

"बदली आल्याबिगर न्हाई."

"मग मीच बदली!"

"तुमची पाळी झाली दुपारी. रांगंत या."

रांग मांडवाबाहेर नळापर्यंत गेलेली. अमृत रडकुंडीला आला. "निदान वायर तरी जोडू द्या!"

"जोडा. हत्याराची देखभाल झालीच पायजे."

त्याने वायर जोडली. तात्याबांनी पहाऱ्याच्या सवयीने सहज अंगठा फिरवला.

ढ्यांऽऽऽग!

कळसावरची कबुतरं उडाली. पुढच्या रांगेतली रंगुबाई पानाचा डबा टाकून उठली. बुवा गर्रकन वळले, आणि त्यांचा चेहरा दिव्यासारखा उजळला.

"वा वा! काय भरला सूर! चालू द्या, तात्याबा!"

बुवांनी अभंग उचलला. मृदंग कडाडला. तात्याबा अंगठा मारत राहिले. एकच सूर, पण असा, की मांडवाचे बांबू थरथरायला लागले. आणि इथे अमृतच्याने राहवेना. चाल वर चालली होती, सूर बदलायला हवा होता! तो वाकत वाकत टाळकऱ्यांमधून घुसला, सासऱ्याच्या पाठीला चिकटून उभा राहिला आणि त्यांच्या खांद्यावरून डावा हात पुढे काढून दांड्यावर बोटं दाबायला लागला. सासऱ्याचा अंगठा, जावयाची बोटं! एवढ्या मोठ्या फेट्यामागे जावई कुणाला दिसणार? तात्याबांना तर दिसणं शक्यच नव्हतं. पहाऱ्यावरचा जवान नजर वळवत नाही! शिवाय गजर रंगला तसे त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच.

आणि काय रंगलं म्हणून सांगू! बुवांचा आवाज चढेल तशी अमृतची बोटं चढायची, आवाज उतरला की उतरायची. शेजारच्या टाळकऱ्याचा टाळ त्याच्या कोपरावर आपटत होता, फेट्याचा शेमला नाकात जात होता, शिंका गिळून गिळून डोळे लाल झाले, पण पठ्ठ्याने सूर सोडला नाही. म्हातारे नाचले. नाथाजींनी तर फुटक्या भोपळ्याची दोन्ही शकलं टाळासारखी वाजवली. शेवटच्या गजराला बुवांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढला आणि तात्याबांच्या गळ्यात घातला.

"असला वीणेकरी उभ्या तालुक्यात न्हाई!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. रांगेतला माणूस पुढे आला, पाया पडणं झालं, गिटार पुढच्या गळ्यात गेली. तात्याबा वळले. मागे अमृत डावा हात झाडत उभा.

"जावईबापू," हवालदाराचे डोळे भरून आले होते, "मला म्हाईतच न्हवतं गा, मला एवढं येतंय!"

अमृतने सांगायला तोंड उघडलं. त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मिटलं. कसंबसं "वा, मामा!" एवढंच बाहेर पडलं.

तेवढ्यात रंगुबाई प्रसादाचा द्रोण घेऊन आली. तिने अमृतला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय वं जावई, तुमीबी वाजिवता म्हनं थोडंफार?"

"हो, म्हणजे…"

"मग शिकून घ्या की सासऱ्याकडनं! घरचाच मानूस हाय, न्हाई थोडाच म्हनंल?"

तात्याबांनी गळ्यातला हार सारखा केला आणि मोठ्या मनाने मान हलवली.

"येत जा रविवारचं. बगू, जमतंय का तुमाला."