परबचे चाळीस चढ

गाऱ्हाणं घातल्याशिवाय परब सायकलवर टांग टाकत नाही. बहारीनमध्ये झल्लाक गावाच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत शिरलं की तेलाच्या पाइपलाइनशेजारून खडीचा कच्चा रस्ता सुरू होतो. शुक्रवारी सकाळी सहाला तिथे तो कंपनीच्या पिकअपचा फाळका पाडतो, सायकल उतरवतो, फाळक्यावर एक नारळ ठेवतो, हेल्मेट काढतो आणि हात जोडतो.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या वाळूच्या मुलखात तुझ्या लेकरान सायकल भायर काढली हा. तेची चेन उतरा नये, ट्यूब फुटा नये, वाटेत कुत्रो आडवो येवा नये. ह्या कदमाच्या व्हिसाचा काम आडकलाला आसा, ता सुटांदे रे म्हाराजा."

प्रत्येक मागणीनंतर मी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. कदम म्हणजे मी, साताऱ्याकडचा माणूस. आमच्याकडे देवाला असं भररस्त्यात उभं करून कामं सांगत नाहीत. पण परबच्या गावी, कुडाळकडे, गाऱ्हाण्याला साथ देणारा लागतोच, आणि त्या वाळवंटात मी सोडून दुसरं कोणी नसतं. नारळ तो वाढवत नाही. गेल्या हिवाळ्यापासून तोच एक नारळ पिकअपच्या टूलबॉक्समध्ये फिरतो आहे. आतलं पाणी कधीच आटलं असेल.

एकदा एक बहारिनी तरुण त्याच वाटेने सायकलवर आला. आमचं चाललेलं पाहून तो अदबीने थांबला, त्यानेही हेल्मेट काढलं, आणि गाऱ्हाणं संपल्यावर "आमीन" म्हणून पुढे गेला. मी हसू दाबत होतो. परब गंभीरपणे म्हणाला, "आसांदे. देवाक समाजता."

परब एसी मेकॅनिक. वय त्रेपन्न, बहारीनमध्ये अठ्ठावीस वर्षं. मी त्याच कंपनीत ड्रायव्हर. उम्म अल हस्सममध्ये आमच्या खोल्या एकाच मजल्यावर आहेत. मागच्या वर्षी मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून त्याने ही सायकल घेतली. ग्रॅव्हल बाइक म्हणतात तिला. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वळलेलं, टायर मात्र जाडजूड, खडीवर चालणारे. बाटली ठेवायला त्याने एसीची तांब्याची नळी वाकवून स्टँड केला आहे. ब्रेकची वायर तो कॉम्प्रेसर ऐकावा तशी कान लावून ऐकतो. त्याआधी तीस वर्षांत हा माणूस सायकलवर बसला नव्हता, आणि बसल्यावर पहिल्या आठवड्यात दोनदा पडला. तेव्हा मी त्याला पुष्कळ बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि गुडघ्याला पट्टी बांधून पुन्हा बसला.

त्याचं खरं वेड म्हणजे चढ. बहारीन ताटासारखं सपाट. पण त्या वाटेवर मुरमाचं एक टेकाड आहे, तीन मजले उंच असेल. परब ते चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. असे चाळीस वेळा. मी घडीच्या खुर्चीत चहाचा थर्मास घेऊन बसतो आणि दर चढाला बॉनेटवर एक खडा ठेवतो. अडतिसाव्या चढाला त्याचा चेहरा जांभळा होतो. बास कर म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "चढ चढूचो आसता, मोजूचो नसता." मग खाली येऊन आधी खडे मोजतो.

दम खाताना तो मला इटलीतल्या रस्त्यांची माहिती सांगतो. समुद्राच्या कडेने टेकड्या आहेत, कच्ची वाट ऑलिव्हच्या बागांमधून जाते, गाडी म्हणून फिरकत नाही. एका वळणावर पडकं चर्च, पुढे दगडी झरा, तिथे बाटली भरून घ्यायची, कारण नंतर थेट माथ्यापर्यंत पाणी नाही. इतक्या खात्रीने सांगायचा की मी बरेच दिवस धरून चाललो होतो, हा कधीतरी तिकडे जाऊन आला असणार. तो कुठेही गेलेला नव्हता. बहारीन आणि कुडाळ, याखेरीज त्याने जगात काही पाहिलेलं नाही.

तिकडे असतो तो त्याचा मुलगा, निखिल. कुटुंब इथे होतं तेव्हा बहारीनमध्येच इंग्रजी शाळेत शिकला, हॉटेल मॅनेजमेंट केलं, इटलीत हॉटेलात लागला. दोन वर्षांपूर्वी त्याने ती पक्की नोकरी सोडली आणि सायकलवाल्या पर्यटकांना त्या टेकड्यांतून फिरवायला लागला. परबचं डोकं फिरलं. फोनवर तो पोराला म्हणाला, मी इथे वाळू खाल्ली ती तू सायकली फिरवाव्यास म्हणून नाही. पुन्हा मला फोन करू नकोस. पोरगा बापाच्याच वळणाचा. त्याने केला नाही. गावी आईला करायचा, बापाला नाही.

सायकलवाल्यांचं एक ॲप असतं. निघताना सुरू करायचं, पोचल्यावर बंद करायचं; कुठून कुठे गेलात, किती चढलात, सगळं त्यात उमटतं आणि ओळखीच्यांना दिसतं. चर्च, झरा, ऑलिव्ह, हे सगळं परबने पोराच्या राइडचे फोटो बघून पाठ केलं होतं. टेकाडाचे चाळीस चढ त्याच्याचसाठी होते. पोराच्या आकड्याच्या आसपास आपलाही आकडा दिसावा, एवढीच हौस.

आता माझा दोष सांगतो. मला अर्धवट काम बघवत नाही. परब राइड झाली की ॲप बंद करायला विसरायचा. सायकल पिकअपमध्ये, आम्ही हायवेला, आणि याच्या फोनवर राइड चालूच. सायकल ताशी शंभरने चालल्याची नोंद व्हायची. दर शुक्रवारी मी त्याला सांगायचो, दर शुक्रवारी तो कपाळावर हात मारायचा. जवळजवळ तीन महिने हे चाललं. शेवटी एका शुक्रवारी तो सायकलला दोरी बांधत असताना मी हँडलवरचा फोन काढला, राइड बंद केली आणि सेव्ह करून टाकली.

हायवेवर त्याने फोन पाहिला.

"बंद कोणी केल्यान?"

"मी. तू विसरतोस ना दर वेळी."

"बरां केलंस," म्हणाला आणि उम्म अल हस्सम येईपर्यंत काचेबाहेर बघत राहिला. खाली मल्याळी टपरीवर आम्ही नेहमी चहा घेतो. तो चहाला थांबला नाही.

शनिवारी त्याची दोरी परत द्यायला खोलीवर गेलो. फोन हातात घेऊन बसला होता. मी विचारलं तेव्हा त्याने फोन माझ्यापुढे धरला. त्याच्या मागच्या राइडी होत्या, आणि प्रत्येकीखाली निखिलने एकच ओळ लिहिलेली. 'यू फर्गॉट टू स्टॉप इट, बाबा.' अकरा शुक्रवार, अकरा वेळा, तीच ओळ. सर्वांत वरच्या, म्हणजे कालच्या राइडखाली काहीच नव्हतं.

"पयल्या खेपेक खराच इसारलंय," परब म्हणाला. "दोन वर्सांनी पोरान माका बाबा म्हटल्यान. मगे इसारत गेलंय."

मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, "तूच कर की फोन. काय होतंय?"

"मियाच सांगितलंय, फोन करू नको म्हणान. आता खंयच्या तोंडान करू?"

दोरी ठेवली आणि आलो.

रविवारी हूरा भागात एका हॉटेलच्या गच्चीवर एसीचं काम होतं. मी गॅसचा सिलिंडर घेऊन वर पोचलो, तर परब युनिट उघडून बसला होता, हात कोपरापर्यंत काळे. बाजूच्या कट्ट्यावर त्याचा फोन वाजायला लागला. पडद्यावर निखिलचं नाव होतं. परब नुसता बघत राहिला. हात पुसायचंही त्याला सुचेना. फोन थांबेल या भीतीने मीच तो उचलला आणि स्पीकर लावून त्याच्यापुढे ठेवला.

"बाबा?" पलीकडून आवाज आला. "दिस टाइम यू स्टॉप्ड इट. इज एव्हरीथिंग ओके?"

परब फोनकडे वाकला. मग तो मुलगा अडखळत, बापाच्या बोलीतले शब्द जोडून जोडून म्हणाला, "बाबा, तू बरो आसस मा?"

"आसंय," परब म्हणाला. "बरो आसंय. तू न्हेरी केलंस?"

मी सिलिंडर तिथेच ठेवला आणि जिना उतरून पिकअपमध्ये येऊन बसलो. अर्ध्या तासात साइट सुपरवायझरचा दोनदा फोन आला, परब अजून वर काय करतोय म्हणून. मी सांगितलं, काम मोठं आहे, वेळ लागेल.